तारखेचं खातं

गुडघे गेले तेव्हा हरिदासने माग सोडला. टॉवेलच्या कारखान्यात उभं राहण्यातच त्याचं आयुष्य गेलं होतं. शेठनी त्याला ऑफिसात बसवलं आणि सांगितलं, “कॉम्प्युटर जमला तर खुर्ची तुझी. नाही जमला तर घरी.”

शिकवायला सुमित होता. नुकताच बी.कॉम. झालेला, शहराच्या जुळे सोलापूर भागातून मोटारसायकलवर येणारा. त्याने एक्सेलमधली फंक्शन्स उघडून दाखवली. बेरीज-सरासरीची एका गटात, अक्षरांची दुसऱ्या. तारखांची वेगळी. हो की नाही ते ठरवणारी आणखी वेगळी.

“सगळी पाठ करायची व्हय रं?”

“नाही काका. कुठलं काम कुठल्या गटाचं, एवढं ओळखायचं.”

“म्हंजी खाती हाईत की. रंगाईवाल्याला शिलाईचं इचारायचं न्हाय.”

“झालं. तुम्ही पास!”

त्या दिवशी हरिदासने पहिल्या ओळीत स्वतःचं नाव टाइप केलं. शेजारी जन्मतारीख, तीही मराठी अक्षरांत. ती ओळ त्याने कौतुकाने तशीच ठेवली. त्याखाली पुढे सुमितने सगळ्या कामगारांची यादी जन्मतारखांसकट भरली.

मार्चमध्ये शेठनी काम दिलं. अठ्ठावन्न पूर्ण होऊन कोण कधी निवृत्त होतो, ते काढायचं. हरिदासने तारखांच्या खात्यातलं फंक्शन लावलं आणि खाली ओढलं. जुन्या माणसांपुढे एकच दिवस उतरला. एक जून. वर्षं निराळी, दिवस तोच.

“बिघडलं बग सगळं,” तो म्हणाला.

सुमितने तपासलं. फंक्शन बरोबर होतं.

हरिदासने खिडकीतून मल्लप्पाला हाक मारली. मल्लप्पा त्याच्या शेजारच्या मागावरचा.

“कवा जन्मलास रं तू?”

“हुरड्याच्या दिवसांत, आई म्हणायची. का? लगीन लावतोस का माजं?”

“आन शाळंत?”

“गुरुजींनी एक जून घातलं की. तुजं न्हाय घातलं?”

घातलं होतं. सगळ्यांचंच घातलं होतं. शाळा जूनमध्ये उघडायची आणि जन्माचा कागद कुणाच्याच घरी नसायचा.

आता चूक एकाच ओळीत उरली. पहिल्या, त्याच्या स्वतःच्या. तिथे उत्तरच आलं नव्हतं. मराठीत लिहिलेली तारीख कॉम्प्युटरला तारीख वाटत नव्हती, नुसती अक्षरं वाटत होती.

सुमितने ते आधीच पाहिलं होतं.

“राहू दे काका,” तो हळू म्हणाला. “उत्तर नसलेली ओळ शेठ कशाला बघतायत?”

“अक्षरांचं खातं येगळं, तारखेचं येगळं. तूच शिकवलंस की.”

हरिदासने अक्षरं खोडली. आकडे घातले. एंटर दाबलं.

यंदाचा जून आला.

दुसऱ्या दिवशी शेठनी यादी हातात घेतली आणि पहिल्याच नावावर थांबले.

“बरोबर आहे का रे ही?”

“व्हय,” हरिदास म्हणाला. “दोनदा बघितली.”