दुतोंड्या मारुती आणि आमचा विमा

तुमच्या घरात पुराचं पाणी शिरतं का, असं विम्याच्या साहेबानं विचारलं आणि घर मिळणं त्याच उत्तरावर अडलं असलं, तर तुम्ही काय सांगाल?

ऐंशी साल उलटल्यानंतरची गोष्ट. नाशकात गोदावरीकाठी ज्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहत होतो, त्या मालकानं विकायला काढल्या. बँक बाबांना कर्ज द्यायला तयार होती, पण आधी विमा हवा. तो नाही झाला तर जागा दुसऱ्याला जाणार. विम्याच्या एजंटानं सल्ला दिला, भिंतीवरचे पुराचे डाग तेवढे घालवा. विम्याचे साहेब घर तपासायला यायच्या दिवशी सकाळीच आईनं चुन्याचा हात फिरवला.

युनियनची पत्रकं वाचत मी लहानाचा मोठा झालो. चिडून म्हणालो, "ही फसवणूक आहे."

"दिवाळीला चुना लावते तेव्हा कुणाला फसवते मी? पत्रक नंतर वाच. आधी चहाला दूध आण."

साहेब सांगलीकडचे, बोलके. भिंतींवरून नजर फिरवत त्यांनी चहा घेतला.

"पूर बघावा तो आमच्या कृष्णेचा, वहिनी. तुमची गोदावरी म्हणजे ओढाच की."

बाबांनी घाईनं आईकडे पाहिलं, पण ती सुरू झालीच होती.

"ओढा? नदीच्या पात्रात उभा असलेला तो दगडी दुतोंड्या मारुती पाहिलाय का तुम्ही? आम्ही पूर त्याच्यावर मोजतो. त्याच्या कमरेला पाणी लागलं की आमच्या उंबऱ्याला लागतं. छातीला लागलं की आमच्या ट्रंका माळ्यावर. एका वर्षी तर गळ्यापर्यंत बुडाला. तेव्हा घरात पाणी कुठवर होतं, दाखवू?"

तिनं उठून भिंतीवर पार डोक्याच्या वर हात टेकवला. "इथवर."

मग स्वतःचा पांढरा झालेला तळवा बघून तिनं तो घाईनं पदराला पुसला.

साहेब इतके हसले की बशीतला चहा थेट बाबांच्या कागदांवर सांडला. ते पुसत म्हणाले, "आता पुराचा विमा काही मला देता येत नाही. आगीचा देतो. बँकेला तेवढा चालतो."

"नदीकाठच्या घराला आगीचा?" मी विचारलं. "आणि पाणी आलं तर?"

"तर वहिनी ट्रंका माळ्यावर टाकतील."

बाबांनी सही केली. घर आमचं झालं. आई पेढे वाटत गल्लीभर फिरली आणि प्रत्येक घरात मारुतीची हकिगत सांगून आली. मी मात्र बाबांशी भांडत राहिलो: बँकेचं समाधान झालं, पण पुरात घर पडलं तरी हप्ते आपणच भरायचे, हा कुठला न्याय?

"मग लिही त्यावर," बाबा म्हणाले.

लिहितो आहे. नदीकाठी राहत असाल आणि कर्जासाठी विमा उतरवला असेल, तर आजच ती पॉलिसी काढून वाचा. तिच्यात पूर धरलेला नसेल, तर शेजाऱ्यांना सोबत घेऊन बँकेत जा आणि तो का नाही, याचं उत्तर मिळेपर्यंत तिथून उठू नका.