उत्तर उद्या

सोनकुसऱ्यांना मी कधी पाहिलं नाही. चार वर्षं रोज सकाळी आठ वाजता त्यांचा आवाज मात्र माझ्या कानात असायचा. मी नागपूरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, ते पारशिवनीच्या छोट्या एक्स्चेंजमध्ये. दिवसाचं काम सुरू होण्याआधी दोन्हीकडच्या ऑपरेटरांनी बोलून लाइन तपासायची, असा नियम होता. बाकी गावांची माणसं "एक, दोन, तीन" म्हणून मोकळी होत. सोनकुसरे आकडे मोजायच्या ऐवजी प्रश्न विचारायचे.

"बाई, दूध उतू जाते, पाणी नाही जात. काहून जी?"

मी काहीतरी ठोकून देई. ते पोटभर हसत. "लाइन चांगली आहे, प्रश्नही चांगला आहे. उत्तर उद्या," म्हणत आणि बंद करून टाकत. मग दिवसभर बोर्डात प्लग खुपसताना माझ्या डोक्यात ते दूध उकळत राही. दुसऱ्या दिवशी सायीखाली वाफ कशी कोंडते, हे ते अशा थाटात सांगत, जणू ती त्यांनीच कोंडली होती. शिक्षण मॅट्रिक, तेही रखडत झालेलं.

एका उन्हाळ्यात आमच्याकडे वाळ्याच्या ताट्यांचा कूलर आला. सोनकुसऱ्यांनी सल्ला दिला, दारं-खिडक्या बंद ठेवा, थंडावा बाहेर जाणार नाही. आम्ही ठेवल्या. उशा ओलसर झाल्या, अंग चिकचिकलं आणि बाबांनी माझ्या विज्ञानाचा उद्धार केला. दुसऱ्या सकाळी मी भांडायच्या तयारीतच बसले होते.

"बाई, कालचं उत्तर खोटं निघालं," तेच आधी म्हणाले. "मी इथं पोस्टमास्तरच्या घरी करून पाह्यलं. ओली हवा बाहेर निघाली पाहिजे, एक खिडकी उघडी ठेवा. तुमाले तरास झाला, मले माफ करा."

आपणहून चूक कबूल करणारा पुरुष मी तोवर पाहिला नव्हता. अर्थात, यांनाही पाहिलं कुठे होतं?

एकदा ते कामासाठी नागपूरला आले आणि नेमकी माझी सुट्टी. फाटकावर चौकीदाराकडे माझ्यासाठी एक नवं मडकं ठेवून गेले. आत चिठ्ठी होती : "पहिले दोन दिवस पाणी मातकट लागते. काहून? उत्तर उद्या." दिसायला कसे होते, असं मी म्हाताऱ्या चौकीदाराला तीनदा विचारलं.

"मानसासारखा मानूस होता वं पोरी," तो वैतागून म्हणाला.

मला त्यांना भेटायचं होतं. फार भेटायचं होतं. हे मी त्यांनाही कधी सांगितलं नाही.

पुढे डायल फिरवून थेट बोलायची सोय येणार असं ठरलं. आमची लाइन शनिवारी संध्याकाळी बंद व्हायची होती. शनिवारी सकाळी त्यांचा पत्ता मागायचा, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. शुक्रवारी त्यांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता.

"बाई, डोळे मिटले का फोनवरचा आवाज जवळ येते. रोज येते. काहून जी?"

माझेही डोळे मिटलेलेच होते. तेवढं सांगावं म्हणून तोंड उघडलं, तोवर ते म्हणाले, "उत्तर उद्या."

यंत्र बसवायचं काम लवकर आटोपलं आणि शुक्रवारी दुपारीच ती लाइन नव्या यंत्रावर गेली. शनिवारी आठ वाजता मी तरीही प्लग खुपसला. साधी खरखरसुद्धा आली नाही. सोमवारी धीर करून पारशिवनीच्या एक्स्चेंजचा नंबर फिरवला, तर कुणी नवाच माणूस बोलला. "त्याईची बदली झाली जी, भंडाऱ्याकडं कुठंतरी. पत्ता नाही ठाऊक." मी शोध घ्यायला हवा होता. बायकांनी असा शोध घेतला तर लोक काय म्हणतील, याचं उत्तर मात्र मला कुणी न सांगताच ठाऊक होतं.

आता माझी नात हातातल्या फोनला काहीबाही विचारत असते आणि तो लगेच उत्तर देतो. दुधाचं त्यानं अगदी बरोबर सांगितलं.

"आजी, तूपण विचार ना एक," परवा ती म्हणाली.

माझ्याजवळ एकच प्रश्न उरला आहे. मी चष्मा काढून ठेवला, डोळे मिटले.

"उद्या," म्हटलं.