नेलपॉलिशची रेघ
भाची नखं रंगवायला बसली की त्या उग्र वासाबरोबर मला राहनाळच्या गोदामातली मालाची लिफ्ट आठवते. ती चालताना इतकी थरथरायची की डोक्यावरचे नट ढिले पडायचे, म्हणून फिटरने ते आवळून, माझीच लाल नेलपॉलिश मागून घेऊन, प्रत्येक नटावरून बोल्टपर्यंत एक सरळ रेघ ओढली होती. रेघ तुटलेली दिसली तर समजायचं, नट फिरलाय. त्या लिफ्टमध्ये माणसांनी चढायचं नाही असा नियम होता, पण आम्ही पॅकिंगच्या बायका खोक्यांसोबतच वर जायचो. एका दुपारी अर्ध्या वाटेत माझी नजर वर गेली, तर नटावरची रेघ एकीकडे आणि बोल्टवरची दुसरीकडे. "काय बगतेस गो?" शेजारी उभ्या पॅकिंगच्याच मावशींनी विचारलं. मी बोट दाखवलं, तसा त्यांनी माझा दंड घट्ट धरला. "हलू नको," त्या कुजबुजल्या, जणू आवाजानेही नट फिरला असता. वर उतरल्याबरोबर मी सुपरवायझरला सांगितलं. "हो जाएगा," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी रेघ पुन्हा सरळ होती, आणि मावशी निर्धास्त आत शिरल्या. मी मात्र मान वर करून नीट पाहिलं. नवी रेघ चकाकत होती, आणि त्याच नटावर जुनी अर्धी रेघ कालच्याच जागी होती. नट कुणी आवळलाच नव्हता, नुसती वरून नवी रेघ ओढली होती. मी मावशींना पदर धरून बाहेर ओढलं, आणि लिफ्ट खोकी घेऊन थरथरत वर गेली. आता भाचीला पूर्ण्याच्या गोदामात काम लागलंय. "तुमच्याकडे लिफ्ट आहे का गं?" मी विचारते. "हाय ना," ती नखांवर फुंकर मारते, "खोक्यांसंगत आम्ही पन जातो वर."