गुरुवारचा लाल रकाना

कारखान्यात अकरा वर्षं मी नियोजन विभागात होतो. म्हणजे कोणत्या मशीनवर कोणता माल किती वाजता चढेल हे सकाळी एका कागदावर लिहायचं, आणि तो का चढला नाही हे संध्याकाळी दुसऱ्या कागदावर लिहायचं. दोन्ही कागद मी सुवाच्य अक्षरात लिहायचो, त्यामुळे माणूस कामाचा आहे असा तिथे सगळ्यांचा समज होता. घरी तसा समज कुणाचाच नव्हता. पण घर सांभाळायची वेळ आली तेव्हा मी हाच अनुभव पाठीशी घेऊन उतरलो.

वेळ आली ती लेकीमुळे. ती तेव्हा साडेतीन वर्षांची होती. मी भोसरीच्या कारखान्यात, बायको बुधवार पेठेतल्या बँकेत, आणि लेक कर्वेनगरात आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एका पाळणाघरात. पाळणाघर वाईट नव्हतं, चालवणाऱ्या बाई प्रेमळ होत्या. पण चार महिन्यांत पोरीचा डबा जसाच्या तसा परत यायला लागला. मग तिचं बोलणंही आटत गेलं. घरी आली की नुसत्या खाणाखुणा, आणि हो-नाही मानेनं. बाईंनी एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, "दिवसभर चपलांच्या मांडणीपाशी बसून असते हो. रडत नाही, मागत नाही. नुसती बसते." डॉक्टरांनी कान, घसा, पोट सगळं तपासलं आणि म्हणाले, "काही नाही." डॉक्टरांनी 'काही नाही' म्हटल्यावर इतकं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

त्याच सुमारास कंपनीनं स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. तिच्यातली स्वेच्छा कंपनीची होती, निवृत्ती आमची. बायकोला नुकतीच बढती मिळालेली. आठवडाभर विचार करून मी घरी बसलो. 'घरी बसणं' हा शब्द किती खोटा आहे हे पहिल्याच दिवशी दुपारी बारापर्यंत उभा राहिल्यावर कळलं.

बायकोनं अट घातली होती. "दिवाळीपर्यंत बघू. जेवायला लागली, बोलायला लागली तर उत्तम. नाहीतर उगाच दोघंही एकमेकांकडे बघत बसाल. मग तुम्ही साहेबांकडे जा, आणि तिला मोठ्या पाळणाघरात घालू. तिथं मुलं तरी जास्त आहेत."

साहेब म्हणजे माझे जुने वरिष्ठ. त्यांनी स्वतःचं वर्कशॉप काढलं होतं आणि दिवाळीपर्यंत माझी खुर्ची मोकळी ठेवायचं कबूल केलं होतं. आषाढ चालू होता. मी हिशेब केला: चार महिने. कारखान्यात चार महिन्यांत आम्ही बिघडलेल्या मशीनाबद्दल निदान तीन बैठका तरी घ्यायचो. म्हटलं, जमेल.

मी मोठा ग्राफपेपर आणला. सकाळी सहा ते रात्री नऊ, अर्ध्या-अर्ध्या तासाचे चौकोन. आंघोळ निळी, जेवण हिरवं, झोप जांभळी. 'संभाषण व शब्दसंपदा' हा पिवळा चौकोन रोज साडेदहाला. मुलांचा दिनक्रम लवचिक असावा असं कुठल्याशा मासिकात वाचलं होतं, म्हणून दुपारी चार ते सव्वाचार एवढा वेळ 'लवचिक' म्हणून राखून ठेवला. कागद जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर चिकटवला.

बायको पर्स शोधता शोधता थांबली. "लवचिकपणा पंधराच मिनिटं? मग बाकीचा दिवस काय, ताठ?"

"अगं, सुरुवातीला एवढाच. पुढे वाढवू."

तिला उशीर झाला होता. सोमवारचा रकाना वाचून ती निघाली. पुढचेही वाचले असते तर बरं झालं असतं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सोमवारी साडेदहाला 'संभाषण व शब्दसंपदा' सुरू झालं. मी बोललो. ती माझ्याकडे बघत होती. अकराला संपलं. साडेबाराला जेवण. एक वाजता हिरवा चौकोन संपला तेव्हा पहिला घास तिच्या गालात तसाच होता. मंगळवारी मी घास लहान केले, बुधवारी आवाज मोठा केला. गालात घास होताच.

आमच्या तळमजल्यावर एक काकू राहायच्या. सोमवारी जिन्यात भेटल्या. "काय, आज सुट्टी?"

"नाही, आता मी घरीच असतो. हिच्यासाठी."

"अस्सं."

मंगळवारी म्हणाल्या, "आजही?" बुधवारी नुसतं माझ्या हातातल्या धुण्याच्या बादलीकडे बघितलं. ते जास्त लागलं.

गुरुवारी सकाळी लेक ब्रश हातात घेऊन वेळापत्रकाखाली येऊन उभी राहिली. तीन दिवसांत तिलाही सवय झाली होती: बाबा आधी भिंतीला विचारतात. मी चष्मा लावून गुरुवार बघितला. वरपासून खालपर्यंत लाल, आणि मधोमध माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: साप्ताहिक सुट्टी.

पुण्याच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, रविवारी नाही. अकरा वर्षं कुठलाही तक्ता आखताना मी आधी गुरुवार लाल करायचो आणि मगच उरलेलं लिहायला घ्यायचो. हात सवयीनं चालला होता. साडेतीन वर्षांच्या मुलीला मी रीतसर साप्ताहिक सुट्टी दिली होती. आता ती घेऊन ती जाणार कुठे? आणि मी तरी कुठे जाणार?

त्यात नळ कोरडे. आमच्या भागात गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असायचं. लेकीनं नळ सोडला, तो नुसता फुसफुसला. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"आज खडकवासल्याच्या धरणाला सुट्टी आहे," मी म्हणालो.

तिनं बोट माझ्याकडे केलं.

"हो, मलाही."

तिनं ब्रश बेसिनवर ठेवला आणि सरळ जिन्याकडे चालायला लागली. सुट्टीच होती, तेव्हा अडवायला नियम सापडेना. मी मागोमाग गेलो.

खाली काकू पायरीवर परात घेऊन बसल्या होत्या. मोड आलेले वाल सोलून डाळिंब्या काढत होत्या. वाल दोन बोटांत धरून दाबला की सालातून डाळिंबी सुळकन बाहेर येते. लेक शेजारी बसली. तिनं एक वाल दाबला. डाळिंबी उडाली ती काकूंच्या चष्म्यावर.

"नेम बरा आहे हो हिचा," काकू म्हणाल्या. "तुमचं काय?"

मी एक दाबली. तिचा चुरा झाला. दुसरीचाही.

"नोकरी सोडलीत ते ठीक केलंत," काकू म्हणाल्या, "पण वाल सोलायला तुम्हाला कुणी ठेवणार नाही."

आणि लेक हसली. मग परातीकडे हात करून म्हणाली, "अजून."

एवढ्यात भाजीवाली आली. ती शेजारच्याच गावातली. आता ते गाव शहराच्या पोटात गेलंय. जमिनीचा उरलेला एक तुकडा होता, त्यातली भाजी ती डोक्यावर पाटी घेऊन विकायची. लेकीच्या हातात तिनं मुळा दिला. मुळा तिच्या हाताएवढा होता. तो धरून ती वर आली, डाळिंब्यांची उसळ आणि भात खाल्ला, गालात काही न ठेवता, आणि मुळा जवळ घेऊन बाल्कनीतल्या चटईवर झोपली. आंघोळ नाही, पिवळा चौकोन नाही, जांभळा नाही.

आता कुणालाही वाटेल की मला तेव्हाच समजलं असेल. छे! मला फक्त एक दिवस वाया गेल्याचं दिसलं. कारखान्यात बुडलेलं उत्पादन दुसऱ्या दिवशी भरून काढायची पद्धत होती. मी गुरुवारचा अनुशेष शुक्रवारी भरून काढला: दोन आंघोळी, दोन वेळा 'संभाषण व शब्दसंपदा'. लेकीनं तोंड मिटलं ते शनिवारपर्यंत.

असं महिनोन् महिने चाललं. वेळापत्रकाच्या चार सुधारित आवृत्त्या निघाल्या. प्रत्येकीत चौकोन आणखी बारीक झाले. गुरुवार मात्र लालच राहिला, कारण त्या दिवशी पाणी नसल्यामुळे निळ्या चौकोनाचं काय करायचं ते मला सुचेना. दर गुरुवारी आम्ही खाली जायचो. काकू काहीतरी निवडत असायच्या. भाजीवाली यायची. एकदा ती लेकीला म्हणाली, "ही तुमची बिल्डिंग हाय ना, तिथं आमचा हरभरा असायचा. तुझ्या खाटंखाली बघ बरं, अजून हाय का."

त्या संध्याकाळी बायको घरी आली तर लेक पलंगाखाली पालथी.

"काय गं शोधतेस?"

"भाजीवालीचा हरभरा आहे खाली."

"पलंगाखाली? अहो, हरभरा कशाला ठेवलात तिथे, उंदीर होतील!" असं म्हणत बायको गुडघ्यांवर बसली, वाकून बघितलं, आणि तशीच राहिली. पोर सबंध वाक्य बोलली होती. डोळे पुसत तिनं मला विचारलं, "आज काय केलंत?"

"काहीच नाही," मी खरं ते सांगितलं. "आज सुट्टी होती." आणि दुसऱ्या दिवशी अनुशेष भरून काढला.

दसरा झाला. आठवड्याचे सहा दिवस लेक मुकी, आणि सातव्या दिवसाचा विचार करायचं माझ्या डोक्यात नाही. साहेबांचा फोन आला. "काय ठरलं मग?" मी म्हणालो, "येतो, साहेब. दिवाळी झाली की येतो." बायको नवं पाळणाघर बघून आली. "स्वच्छ आहे," म्हणाली आणि कणीक मळायला लागली. खूप वेळ मळत होती. त्या पाळणाघरात चपलांची मांडणी कुठे आहे, हे मी विचारलं नाही.

मग एका शुक्रवारी सकाळी बायको वेणी घालत असताना लेकीनं तिला विचारलं, "आई, आज गुरुवार आहे?"

"नाही गं, शुक्रवार."

लेकीनं भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं, ब्रश उचलला आणि ओठ मिटून घेतले. बायकोनं ते बघितलं. शनिवारी लेकीनं पुन्हा विचारलं, सोमवारीही. बुधवारी संध्याकाळी बायकोनं मला सांगितलं, "उद्या मी रजा टाकली आहे. तुम्ही तुमचं चालू द्या. मी नुसती बसणार."

गुरुवारी मी घामाघूम. वरिष्ठ अधिकारी तपासणीला यावेत आणि नेमकं त्या दिवशी मशीन बंद असावं, तसं. पण बायकोला माझी गरजच पडली नाही. लेकीनं तिचं बोट धरलं आणि तिला सगळं समजावलं. "आज धरणाला सुट्टी. बाबाला पण. आता खाली काकू. काकूंचं निवडून झालं की भाजीवाली. भाजीवाली गेली की भात. भातानंतर बाल्कनी. ऊन पायावर आलं की उठायचं. मग कपडे काढायचे वाळलेले, मी चिमटे धरते. मग तू येतेस."

इतकं सलग ती कधीच बोलली नव्हती. आणि हे सगळं तसंच झालं. घड्याळाकडे कुणी बघितलं नाही, तरी भात वेळेवर झाला, ऊन पायावर आलं तेव्हा ती उठली, चिमटे तिनं धरले. दिवसाला क्रम होता. मला तो दिसला नव्हता, कारण तो मी आखलेला नव्हता.

संध्याकाळी बायको वेळापत्रकासमोर उभी राहिली. पहिल्यांदाच तिनं ते पूर्ण वाचलं.

"अहो, हा लाल रकाना कशासाठी?"

"तो चुकून पडलाय. कारखान्याच्या सवयीनं."

"सगळ्या नियोजनात तेवढंच एक बरोबर आलंय," ती म्हणाली, "आणि तेही चुकून."

मी म्हटलं, "अगं, पण धुणं, भांडी, गिरणी…"

"गुरुवारी ती होतात ना?"

"होतात."

"कधी?"

"ज्याची त्याची पाळी आली की."

"मग झालं तर." तिनं लेकीच्या रंगांच्या डब्यातलं लाल स्केचपेन काढलं आणि सोमवारपासून रंगवायला सुरुवात केली. बुधवारपर्यंत आल्यावर पेन सुकलं. उरलेले रकाने लेकीनं माझ्या ऑफिसच्या जुन्या लाल पेन्सिलीनं पूर्ण केले, रेघांच्या बरेच बाहेर जाऊन.

मी साहेबांना फोन लावला. "माफ करा साहेब, दिवाळीनंतर येणं जमणार नाही."

"दुसरीकडे लागलास? बरं बरं. सुट्टी गुरुवारचीच ना?"

"हो साहेब," मी म्हणालो. "गुरुवारचीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको निघायच्या तयारीत होती. लेक ब्रश घेऊन आली. भिंतीवरचा कागद सगळा लाल. तरी खात्री करून घ्यावी म्हणून तिनं विचारलं, "आई, आज गुरुवार आहे?"

डोक्याला स्कार्फ बांधता बांधता बायको म्हणाली, "हो गं. गुरुवारच."

लेकीनं दात घासले आणि चूळ भरायला नळ सोडला. धो धो पाणी आलं. ती गर्रकन माझ्याकडे वळली. "मग पाणी कसं आलं?"

बायको दारातच थांबली. आता हे निस्तरतात कसं, ते बघूनच जाणार होती. अकरा वर्षं, कुठली गोष्ट ठरल्याप्रमाणे का झाली नाही, याची कारणं मी लिहीत आलो होतो. ऐन वेळी एक सापडलं.

"धरणाची सुट्टी रद्द झाली."

लेक माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "आणि तुझी?"

"माझी नाही झाली."

तिनं नळ बंद केला, तोंडाला फेस तसाच ठेवून माझं बोट धरलं आणि म्हणाली, "चल मग खाली."