चोराचं गाणं

आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणारे बँडमास्तर मंद्रूप-वळसंगाकडची लग्नं वाजवतात, पण स्वतः फारसे वाजत नाहीत. वरच्या खिशात क्लॅरिनेटची पत्ती असते. काही विचारलं की ती आधी ओठात धरून ओली करतात आणि मग म्हणतात, "हाय की." होकार, नकार, सगळं त्यातच.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या फिल्म क्लबात एक परदेशी संगीतपट दाखवला, बोलपट नुकते निघाले तेव्हाचा. त्यात चोर, फौजदार आणि भिकाऱ्यांचा मुकादम शेवटी भागीदारीत बँक काढतात. मास्तरांना मीच नेलं होतं. भाषा कळत नव्हती, तरी चोराचं गाणं लागलं की त्यांची बोटं गुडघ्यावर चालायची.

बाहेर आल्यावर विचारलं, "गोष्ट कळली का?"

"आपल्याकडचीच हाय की."

परवा आमच्या भागातल्या पुढाऱ्यांचा वाढदिवस होता. ते गाडीतून उतरले आणि मास्तरांच्या बँडनं चाल धरली. माझा पेढा हातातच राहिला. चोराचंच गाणं होतं ते. मास्तर माझ्याकडे मुद्दाम बघत नव्हते. पुढारी मात्र ठेक्यावर मान डोलवत स्टेजच्या पायऱ्या चढले आणि वरून म्हणाले, "मास्तर, लई गोड हाय. कुणाचं हे?"

मास्तरांनी सवयीनं पत्ती ओली केली. "जुनं हाय, साहेब. तुमच्यासारख्या मोठ्या माणसांवरच रचलेलं."

साहेबांनी गळ्यातला हार काढून मास्तरांच्या गळ्यात घातला. "मग परत होऊ द्या की."