खालचे तीन फूट

आमचं कोंढा गावातलं घर मातीच्या भिंतींचं आहे. ताईच्या लग्नाआधी मागची भिंत खालून झडत होती, तेव्हा बाहेरून सिमेंटचं प्लास्टर करून टाकू, असं बाबांना मीच सुचवलं. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मला यातलं काय कळतं, असं कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

दोन पावसाळ्यांनंतर त्या भिंतीनं पोट काढलं. यंदा दिवाळीच्या सुटीत मी भंडाऱ्याहून एका निवृत्त इंजिनिअरांना घरी घेऊन गेलो. ते जुनी घरं तपासून घरमालकांना काय करायचं ते सांगतात. प्लास्टरवर बोटानं ठोकत ते कान लावून ऐकत होते. वर आवाज टणक, खाली पोकळ. मग त्यांनी विचारलं, सिमेंट कुणाच्या सांगण्यावरून लावलं?

"माह्या पोरानं सांगतलं जी," बाबा म्हणाले. "कॉलेजात शिकून राहिला ना तो."

मी खाली पाहत राहिलो. साहेब रागावले नाहीत. माती पाणी पिते आणि सुकते, म्हणाले. सिमेंटनं तिचं सुकणं बंद केलं. खालचे तीन फूट खरडा, माळ्यावरची धानाची पोती उतरवा, तुळईला टेकू द्या. भिंत सुकेपर्यंत या खोलीत कुणी झोपायचं नाही.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळले. "तू सांग. खरडू?"

मी हो म्हटलं.

लोखंडी सब्बलीच्या घावानं पहिली खपली निघाली. पाऊस जाऊन इतके दिवस झाले होते, तरी आतली माती ओली होती. माझं बोट अर्धं आत गेलं. आम्ही हात थांबवला, तरी आत कुठंतरी माती सरकल्याचा बारीक आवाज येतच होता. त्याच दिवशी पोती उतरवली, टेकू लावले, उरलेलं प्लास्टर खरडलं, बाबांची खाट अंगणात काढली.

आता मी होस्टेलवर आहे. बाबा रोज सकाळी फोन करतात आणि आधी भिंतीचंच सांगतात, उभी आहे म्हणून. परवा मी विचारलं, झोपता कुठं?



"आतच, त्याच खोलीत. बाहीर थंडी लय हाये. अन् तू सांगतलं तसं खरडलं ना, आता काय होते?"

"बाबा, मले त्यातलं काहीच समजत नाही."

ते हसले. अभ्यास कर म्हणाले आणि फोन ठेवला.