कणीभाऊंचा बगळा

कणीभाऊंच्या हातात काहीही द्या, ते आधी तळहातावर पसरून बघत. फुटाणे असोत, बोरं असोत, अंगठ्याने एकेक सरकवत, नको ते बाजूला काढत आणि मगच मूठ मिटत. भंडारा जिल्ह्यातल्या अड्याळजवळच्या एका राइस मिलमध्ये त्यांचं कामच ते होतं. तांदळाच्या पोत्यात लोखंडी परखी खुपसायची, निघालेला मूठभर तांदूळ हातावर घ्यायचा आणि त्यात तुटलेला दाणा, म्हणजे कणी, किती आहे ते सांगायचं. एका लग्नात त्यांनी अक्षताही अशाच पारखल्या म्हणे. मंगलाष्टकं संपली तरी मूठ भरलेलीच होती.

मी तेव्हा भंडाऱ्यात बी.एस्सी. करत होते. एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माळ्यावर आम्ही पाच-सहा जण दर रविवारी कार्डांचा खेळ खेळायचो. रमी-तीनपत्तीचे पत्ते नव्हेत, तर प्राणी, राक्षस, जादूगार छापलेली परदेशी कार्डं. शेकडो कार्डांतून आपापली साठ निवडायची, त्या गठ्ठ्याला डेक म्हणायचं आणि तो घेऊन समोरच्याशी लढायचं. पहिल्यांदा भाऊ जिना चढून आले तेव्हा आम्हाला वाटलं, कुणाचे तरी वडील शोधायला आले. सगळे पुस्तकं चाळायला लागले. भाऊंनी पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला आणि म्हणाले, "पुतण्या पुण्याले गेला, हे टाकून गेला. मले शिकवा ना कोनी." डबा कार्डांनी भरलेला होता.

इंग्रजी त्यांना अक्षर लावून वाचता येई, पण अर्थ लागत नसे. म्हणून ते माझ्या शेजारी बसत. "सांग वं पोरी, हे काय करते?" मी कार्डावरचा मजकूर मराठीत सांगायची, ते चित्राकडे बघत ऐकायचे आणि ते कार्ड त्यांच्या डोक्यात कायमचं बसायचं. मला मात्र आजही प्रत्येक वेळी वाचावं लागतं. नावं त्यांची त्यांनीच ठेवली होती. एका चंदेरी पक्ष्याचं लांबलचक इंग्रजी नाव होतं, त्याला ते सरळ बगळा म्हणत. हा बगळा पटावर आला की कितीतरी डाव नुसता उभा राही. तेवढा वेळ तुम्ही तग धरलात, तर एका फटक्यात खेळ संपवी. तग धरायला कुणाला सवड नसल्यामुळे तो कुणीच खेळत नसे. भाऊंनी चारही बगळे घेतले आणि त्यांच्याभोवती आपला डेक बांधला.

आमच्यातला तुषार त्यांना फार चिडवायचा. "भाऊ, ड्रॅगन घ्या ना. काहून त्या बगळ्याच्या मागं लागले?"

"तुया ड्रॅगन येते अन् मारते, बाबू. त्याच्यात मी काय केलं?" भाऊ म्हणायचे. "बगळ्याले माणूस लागते."

डेक सुधारायची त्यांची रीत आम्हाला वेड लावायची. आम्ही हरलो की चिडून दहा कार्डं बदलायचो. भाऊ एकच बदलत. साठही कार्डं चटईवर पसरत, ओणवं होऊन बराच वेळ बघत आणि "अजून कणी हाय" म्हणून त्यातलं एक उचलत. ते शर्टाच्या खिशात जाई. आठवडाभर तिथेच राही. "खेळताना त्याची याद आली तं वापस घेतो. नाही आली तं ते कणीच होतं." अशी तीन वर्षं गेली. त्यांना कणीभाऊ हे नाव आम्हीच दिलं आणि त्यांनी ते आनंदाने घेतलं. माझे लग्न झालेले मित्र एवढा विचार करून संसार करत नाहीत.

मग कंपनीने जाहीर केलं की नव्या हंगामापासून जुनी कार्डं स्पर्धेत चालणार नाहीत. यादीत बगळा होता. ते मलाच वाचून सांगावं लागलं. भाऊंनी मला दोनदा वाचायला लावलं, जणू दुसऱ्यांदा वाचल्यावर वेगळं निघेल. मग विचारलं, "नागपूरची स्पर्धा त्याच्या आधी हाय का मंग?" होती. बगळ्याची ती शेवटचीच स्पर्धा. पाच फेऱ्या, त्यातल्या चार जिंकणारा पुढे बाद फेरीत जाणार. भाऊ तोवर कधीच तिथवर पोचले नव्हते. "एक डाव त्याले तिथं उभा करतो," ते म्हणाले. "मंग जाऊ दे."

स्पर्धेत आपल्या साठ कार्डांची यादी आधी लिहून द्यावी लागते. भाऊंची यादी नेहमी मीच लिहायची. आदल्या दिवशी लिहून, खाली त्यांची सही घेऊन फाइलमध्ये ठेवली. सकाळच्या बसने भाऊ, तुषार आणि मी असे तिघं निघालो. भंडाऱ्याजवळचं शहापूर मागे पडलं तरी भाऊंची बोटं डेकवरच होती. एकदम त्यांनी एक कार्ड काढलं, पिशवीतलं दुसरं घातलं आणि इतकं मोकळं हसले की पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. "निघाली वं पोरी! आता एक बी कणी नाही. तेवढं कागदावर बदलून घेजो."

मी "हाव भाऊ" म्हटलं. माझ्या मांडीवर माझा स्वतःचा डेक होता आणि पहिल्या फेरीच्या भीतीने मी त्यातलीच कार्डं पुन्हा पुन्हा मोजत होते. मी हाव म्हटलं आणि विसरले. यापलीकडे त्यात काही नाही. कितीही वेळा आठवलं तरी यापलीकडे काही सापडत नाही.

भाऊंनी पहिल्या तिन्ही फेऱ्या जिंकल्या. नागपूरची पोरं गोळा होऊन बघू लागली की हा कोण काका, काय खेळून राहिला. मी पहिल्या दोन हरून मोकळी झाले होते, म्हणून त्यांच्यामागे उभी राहून नुसती अभिमानाने फुगत होते. चौथ्या फेरीआधी एका पंचाने तपासणीसाठी त्यांचा डेक आणि यादी मागितली. यादीचा कागद पाहिला आणि मला बसमधलं ते हाव आठवलं.

पंच तरुण होता, सभ्य होता. एक कार्ड जुळत नाही, नियमाप्रमाणे ही फेरी गेली, असं त्याने समजावून सांगितलं. मी म्हटलं, चूक माझी आहे, यादी मी लिहिली. तो म्हणाला, "मॅडम, सही त्यांची आहे." आणि डेक यादीप्रमाणे करून घ्यावा लागेल, म्हणाला. सकाळी काढलेलं कार्ड भाऊंच्या खिशातच होतं. त्यांनी ते काढलं, शर्टाला पुसलं आणि परत डेकमध्ये घातलं.

शेवटची फेरी मी त्यांच्या खुर्चीमागून पाहिली. बघणाऱ्याने बोलायचं नाही, असा नियम असतो. बगळा पटावर उभा होता. आणखी एक डाव तग धरला की झालं. त्यासाठी बसमध्ये घातलेलं कार्ड हवं होतं, नाहीतर दुसऱ्या तीन कार्डांपैकी एखादंही चाललं असतं. भाऊंनी गठ्ठ्यावरचं पान उचललं. खिशातलं होतं ते. त्यांनी ते वळवून मला दाखवलं नाही, पण मला बाजूने दिसलं. ते हरले. समोरच्या मुलाशी हात मिळवला आणि "बढिया खेळला" म्हणाले.

परतीच्या बसमध्ये मी रडले. भाऊ म्हणाले, "तू काहून रडतं? बदललं तं मीच ना." त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्या आनंदाने घेतल्या असत्या. त्या त्यांनी कधीच दिल्या नाहीत. पुढच्या रविवारी ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही.

दोन महिन्यांनी मी अड्याळला गेले. आम्ही सगळ्यांनी मिळून जमवलेली नव्या हंगामाची कार्डं सोबत होती. मिलच्या कोंड्याने भाऊंचे केस पांढरे झाले होते. त्यांनी चहा मागवला, आईबाबांची चौकशी केली, कार्डं एकेक करून पाहिली आणि परत माझ्या हातात दिली. "चांगले हायेत. पर मले यातलं कोनीच ओळखीचं वाटत नाही." मी म्हटलं, भाऊ, जुनाच डेक माळ्यावर खेळू, तिथे कोण तपासणार?

"तिथं कोनी तपासत नाही," ते म्हणाले, "म्हनूनच तं."

मग म्हणाले, "एक काम करतं का? थे यादी बरोबर लिहून दे मले."

वजनकाट्याच्या टेबलाशी बसून मी लिहिली. साठच्या साठ कार्डं, बसमध्ये घातलेल्या त्या एका कार्डासकट. प्रत्येक नाव मी दोनदा वाचलं. भाऊंनी खाली सही केली, कागद उन्हात धरून शाई वाळवली आणि माझ्यापुढे धरला, पंचांपुढे धरावा तसा. मी तो घेतला. कुठे द्यायचा ते दोघांनाही माहीत नव्हतं. बाहेर ट्रकने हॉर्न दिला तेव्हा भाऊ परखी घेऊन उठले आणि मी तो कागद हातात धरून तशीच बसून राहिले.